उद्यापनाच्या आदल्या दिवशीचं ताट

मंडळी, जरा सरसावून बसा. आज एकच विचारते. सोसणं हे पुण्य, कबूल. पण दुसऱ्याने किती सोसावं, हे ठरवणारे आपण कोण?

इंग्रजीत एक क्रियापद आहे, टॉलरेट. अर्थ सोपा, सहन करणे. पण त्याचा वापर बघा हं! साहेब म्हणतो, "आय विल नॉट टॉलरेट." त्याच्या तोंडी तो शब्द कायम नकारात. आणि मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगा, मुलं लिहितात — आई टॉलरेट करते. बाबा करतात, असं कुणी लिहिलेलं पाहिलंत? हसा, हसा.

हे सांगायची गुहागरची मेधा. शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला सातवा महिना लागलेला. सासूबाई इंदूताई, माझ्यासारख्याच नेमधर्माच्या. सुनेचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून त्यांनी चातुर्मासभर मौनाने जेवायचं व्रत धरलं होतं. ताटावर शब्द निघाला, की व्रत मोडलं. दुसऱ्या दिवशी उद्यापन! त्यासाठी इंदूताईंच्या नणंदबाई अनसूयावन्सं येऊन राहिलेल्या.

दुपारची जेवणं चाललेली. मेधा नवऱ्याला, श्रीरंगला म्हणाली, "सकाळपासून डोकं ठणकतंय हो. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

वन्सं म्हणाल्या, "पोटुशीला हे व्हायचंच. मी नवव्या महिन्यात विहिरीचं पाणी शेंदलंय. कर की जरा, ते तुझं टॉलरेट."

"आत्या, डॉक्टरांकडे नेऊन —"

"उद्यापन झालं की ने. भरल्या ताटावरून उठू नये."

मेधा कसनुसं हसली. "होईल सहन."

इंदूताईंचा घास हातातच राहिला. पोरीचा चेहरा सुजलेला. तिने पाण्याच्या भांड्याकडे हात नेला — हात शेजारी, जमिनीवर पडला. पुन्हा नेला. पुन्हा शेजारीच.

तिला भांडं दिसत नव्हतं!

इंदूताईंनी डोळे मोठे करून श्रीरंगला खुणावलं. त्याने मीठ पुढे सरकवलं.

आता काय करावं हो त्या माउलीने? बोलावं, तर व्रत जातं. आणि ते धरलंय कुणासाठी? याच पोरीसाठी ना! उद्या काही बरंवाईट झालं, तर जग म्हणणार, सासू बोलली म्हणून झालं. आणि जग राहू द्या — स्वतःचं मन काय म्हणेल?

इंदूताई बोलल्या. "श्रीरंग, गाडी काढ. आत्ता."

"वहिनी, अहो, व्रत मोडलंत."

"मोडलं. त्याचं जे काय भोगायचं, ते मी भोगीन वन्सं. हिच्या दुखण्यावर मला उद्यापन करायचं नाही."

दवाखान्यात रक्तदाब बघितला मात्र, नर्स धावतच डॉक्टरांना बोलवायला गेली. नंतर डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत थांबला असतात, तर दोघींपैकी कुणी हाती लागलं नसतं." दोघी! मुलगी झाली होती. ओंजळीत मावेल एवढी. बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिली, पण जगली. मेधाही जगली.

व्रतं मोडा, असं सांगायला मी उभी नाही. माझा उपास, माझी भूक, हे देवाला देता येतं. दुसऱ्याची भूक कशी देणार?

तुमच्याही घरात कुणीतरी गप्प सोसतंय. नाव आठवलं ना आत्ता? मग आज घरी जाऊन त्या माणसाला विचारा, कुठे दुखतंय. "काही नाही," असंच म्हणेल. तेवढ्यावर उठून जाऊ नका.