मागचे खिसे

अपघातानंतर चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या मित्राचं पत्र येऊन आठ महिने झाले होते. धीराचे शब्द खोटे वाटतील या भीतीनं मी उत्तरच लिहिलं नव्हतं. काल शिंप्याच्या दुकानात माझ्यापुढे बहीणभाऊ उभे होते. बहीण सांगत होती,

“बाबांच्या जीन्सचे मागचे खिसे काढा. दिवसभर खुर्चीत बसल्यावर शिवणी रुततात, कातडी सोलवटते. कंबरही मागून चार बोटं वाढवा.”

“ताई, त्यापेक्षा पायजमा घे ना. त्यांना आता कुठे मिरवायचंय?”

“तू ऑफिसला पायजम्यावर जातोस?”

“माझी गोष्ट वेगळी.”

“का? पाय गेलेत त्यांचे, हौस नाही! काल त्यांच्यासमोरच म्हणालास, ‘यांना काय फरक पडतो?’ कान शाबूत आहेत रे त्यांचे!”

“हळू बोल, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत! काय घालायचंय, हे बाबांना एकदा तरी विचारलंस?”

“नाही.”

“मग गप्प बस. मास्तर, कमरेला कापड कुठलं लावाल?”

“याच खिशांचं, ताई. रंग तंतोतंत जुळेल.”

घरी येऊन मी दोनच ओळी लिहिल्या, ‘उत्तराला फार उशीर केला. रविवारी आलो तर चालेल का?’ आणि लगेच पत्र पेटीत टाकून आलो.