शेवंताबाईंनी गाडीचा ताप पाहिला

मंडळी, ऐका. आपला दोष आपल्याच तोंडानं सांगणारा माणूस शहाणा म्हणायचा की खुळा? लगेच मान हलवू नका, आधी गोष्ट ऐका.

विट्याजवळ एक सनईवाले राहत, महिपती उरुणकर. बायको शेवंताबाई. लेक गोदा सांगलीला दिलेली, पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला माहेरी आणायची आणि घरात वाहन काय, तर फटफटी. भाड्याची गाडी करा म्हणाल, पण अवेळी कळा आल्या तर गाडीवाल्याला कुठं शोधायचं? मग साठवलेल्यात बसेल अशी जुनी गाडी घ्यायचं ठरलं.

पहिला विकणारा गॉगलवाला. गाडी चकाचक, आत अत्तराचा घमघमाट. महिपतराव तर तिच्या आरशात स्वतःची मिशी बघूनच खूश झाले.

"मावशी, डॉक्टरीणबाईंची गाडी. घर ते दवाखाना, बास."

शेवंताबाईंनी बॉनेटवर उलटा हात ठेवला. लेकराच्या कपाळावर ठेवतो ना, तस्सा.

"अंग तापलंय हो हिचं. सकाळी कुठं गेली होती?"

"कुठंच नाही, मावशी."

"मग आम्ही चहा पिऊन येतो. ताप उतरू दे."

आले, तर गाडी गार. किल्ली फिरवली — खोकली. परत फिरवली — परत खोकली, सुरू होईना. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलेली. तेवढ्यात बाईंनी मागच्या सीटखालून मूठभर पिसं काढली.

"डॉक्टरीणबाईंकडं कोंबड्या येत होत्या का औषधाला?"

गॉगलवाल्यानं गॉगल पुसायला घेतला.

दुसरे विकणारे दाजीबा, रिटायर कंपाउंडर. बसायच्या आधीच म्हणाले, "मागचं डावं दार आतूनच उघडतं. उजवीकडं वळलं की हॉर्न वाजतो. इंजिन मात्र कधी अडलं नाही." असं सांगून सांगून त्यांची सगळी गिऱ्हाईकं पळालेली.

महिपतराव कुजबुजले, "अगं, हा गाडी विकतोय का चुगली करतोय?"

"अहो, एवढं सांगणारा उरलेलं कशाला लपवेल?"

तरी बाईंनी मिस्त्री आणलाच. तो गाडीखाली शिरला, काळा होऊन बाहेर आला. म्हणाला, "यांनी सांगितलंय तेवढंच बिघडलंय."

गाडी घेतली. सांगलीहून गोदाला घेऊन परत येताना विट्याच्या भर बाजारात तिला कळा सुरू. महिपतरावांनी गाडी दवाखान्याकडं वळवली, तर समोर ही गर्दी. पण प्रत्येक उजव्या वळणाला हॉर्न आपोआप — पोंऽऽ! भाजीवाले बाजूला, म्हशी बाजूला, वाट मोकळी. वेळेत दवाखाना गाठला. नात झाली, गोदा सुखरूप. पहिला पेढा दाजीबांच्या घरी गेला.

तर मंडळी, आता तुमची पाळी. सोयरिकीला बसता तेव्हा मुलगा निर्व्यसनी, शांत, कर्तबगार. घोरतो, हे कोण सांगणार? देवापुढंही आपण गंध लावून, चकचकीत होऊन उभे. आज घरी गेल्यावर आपला एक तरी दोष आपण होऊन सांगा. नवऱ्यांनो, बायकोला तो आधीच पाठ आहे, तरी सांगा.

आणि माउल्यांनो, त्यानं सांगितलाच, तर आज पहिल्यांदाच कळल्यासारखा चेहरा करा.