मोटार उशिरा येणार

संप झाला की तुम्ही आधी 'माल कधी येणार' विचारता, म्हणून हे सांगतो. इंग्रजांच्या अमलात बुऱ्हाणपूरच्या एका गिरणीत संप होता. यंत्रात बोटं गेलेल्या सुकलालला मालकाने काढलं होतं. त्याला परत घ्या, एवढंच मागणं. दहा दिवस झाले होते आणि संप चालवायचा की मोडायचा, ते संध्याकाळी ठरणार होतं.

चहाच्या दुकानात सुकलालने, मी ज्याचा बातमीदार होतो तेच वर्तमानपत्र पुढे केलं. "भाऊ, विलायतेत मोटारीच्या कारखान्यात बी संप झाला म्हणे. वाचा ना."

मी वाचलं. मोटारीचं नवं मॉडेल दिवाळीपर्यंत येणार नव्हतं. तिचे दिवे, रंग, गाद्या, सगळं सविस्तर दिलं होतं.

"त्या लोकांचं मागणं काय होतं?"

"ते दिलेलं नाही."

"मालक झुकला का?"

"तेही नाही."

"मग छापलं कोणासाठी?"

"ज्यांनी मोटार सांगून ठेवलीय, त्यांच्यासाठी."

सुकलालने कागदाची घडी घातली. "आमचं तरी बराबर लिहा, भाऊ."

मी मान डोलावली. सकाळीच मी नागपूरला संपादकांना तार केली होती: संपामुळे लग्नसराईचं कापड उशिरा येणार.