चार सेकंदांच्या हसण्याबाबत

जबाब देणार: स्त्री, वय ४४ वर्षे, व्यवसाय माहितीपटांचे संकलन, राहणार छापखान्याच्या वरचा दुसरा मजला. नाव व पूर्ण पत्ता वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे.

मी आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले. मला कोणी बोलावले नव्हते. महिला हवालदारांनी विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते व तेथेच काम करते. दुसऱ्यांनी चित्रित केलेले तुकडे कापून जोडणे हे माझे काम आहे. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तो माहितीपट काढतो. त्याने आजवर सात काढले व सातही मीच जोडले.

तीन वर्षांपूर्वी माझी वहिनी येथील सरकारी रुग्णालयात, अपघात विभागाबाहेरच्या बाकावर बसल्या जागी वारली. पोटात कळा येतात म्हणून तिला सकाळी नऊ वाजता नेले होते. तिचे नाव दुपारी पावणेचारला पुकारले. दादा चित्रीकरणासाठी परगावी होता. तिच्या शेजारी मी होते. मी दोनदा उठून खिडकीवर विचारले. तिसऱ्यांदा विचारले नाही.

त्यानंतर दादाने हा माहितीपट हाती घेतला. त्यात आपल्याकडची आरोग्यव्यवस्था व परदेशातील एका देशाची आरोग्यव्यवस्था यांची तुलना आहे. त्या देशात रुग्णाने कार्ड दाखवायचे, बिल येत नाही, खर्च करातून भागतो. दादा तेथे एकोणीस दिवस राहून आला. एकूण एकसष्ट तासांचे चित्रीकरण झाले. त्यातली बावन्न मिनिटे ठेवली.

येथील अपघात विभागाच्या इन्चार्ज सिस्टर, वय अंदाजे पन्नास, यांची मुलाखत आम्ही अडतीस मिनिटे घेतली. मी त्या वेळी हजर होते. त्या म्हणाल्या होत्या की आज माझ्याकडे बेचाळीस रुग्ण आहेत आणि आम्ही दोघीच आहोत; तिकडे एका नर्सकडे सहा असतात असे तुम्हीच सांगता, मग तुलना माणसांची करताय की आकड्यांची. मुलाखत संपल्यावर माइक काढताना दादाच्या शर्टाचे बटण वायरीत अडकून तुटले व सिस्टरांच्या चहात पडले. तेव्हा त्या हसल्या. कॅमेरा बंद करायचा राहिला होता. ते हसणे चार सेकंदांचे आहे.

माहितीपटात एक गृहस्थ सांगतात, "आई तळमळत होती आणि कुणी ढुंकून पाहत नव्हतं." त्या वाक्याला लागून सिस्टरांचे हे हसणे येते. त्या गृहस्थांचे चित्रीकरण दोन महिने आधीचे, दुसऱ्या इमारतीतले आहे. बेचाळीस रुग्णांचे वाक्य माहितीपटात नाही. त्या देशातले एक आजोबा खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी चौदा महिने थांबलो असे सांगतात, तेही नाही.

गेल्या रविवारी सायंकाळी पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात माहितीपट दाखवला. साधारण ऐंशी माणसे होती. नंतर चर्चा झाली. एक निवृत्त डॉक्टर म्हणाले की तिकडची सकाळची मोकळी ओपीडी आणि आपल्याकडची सोमवारची गर्दी शेजारी ठेवली, ही तुलना नव्हे. एक शिक्षिका त्या देशात सहा वर्षे राहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, तिथे पैशावाचून कुणाचे अडत नाही हे खरे, पण थांबावे लागते. इथे ऐपत असेल तर उद्या शस्त्रक्रिया होते, नसेल तर कधीच नाही. यातले बरे काय ते ज्याचे त्याने ठरवावे. डॉक्टरांनी दादाला दोन्ही बाजू का दाखवल्या नाहीत असे विचारले. दादा म्हणाला, "वकील काय दोन्ही बाजू मांडतो? मी माझ्या बायकोचा वकील आहे." यावर टाळ्या पडल्या.

त्यानंतर चौथ्या रांगेतून सिस्टर उठल्या. त्या तेथे आहेत हे मला तोवर माहीत नव्हते. त्यांनी विचारले, मी हसले ते कधीचे आहे आणि मी बेचाळीस रुग्णांचे बोलले ते कुठे गेले. दादा म्हणाला की ते हसणे त्या गृहस्थांच्या बोलण्याच्याच दिवशीचे, त्याच वॉर्डातले आहे. सिस्टर म्हणाल्या, "जोडणाऱ्या बाई मागं बसल्यात. त्यांना विचारा."

सगळ्यांनी मागे पाहिले. मी प्रोजेक्टरजवळ होते. मी वायर गुंडाळू लागले. सिस्टर थोडा वेळ उभ्या होत्या. मग पर्स घेऊन निघून गेल्या.

सोमवारी कोणीतरी ते हसणे तेवढेच कापून फोनवर पसरवले. ते मी केलेले नाही. मंगळवारपर्यंत ते माझ्या घराखाली छापखान्यात कागद लावणाऱ्या माणसानेही पाहिले होते. त्याने मला ते दाखवले आणि अशा बायांना चाबकाने फोडले पाहिजे असे म्हणाला. बुधवारी रुग्णालयाने सिस्टरांना नोटीस दिल्याचे मला समजले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

काल गुरुवारी सकाळी सव्वाअकराला मी रुग्णालयात गेले. वहिनी गेल्यापासून मी त्या विभागात पाऊल ठेवले नव्हते. मुलाखतही वरच्या मजल्यावरच्या खोलीत घेतली होती. मला सिस्टरांना खरे काय ते सांगायचे होते. त्या एका रुग्णाला टाके घालायला मदत करत होत्या. मला पाहून त्यांनी ओळखले. "थांबा हं, हातातलं संपवते," म्हणाल्या. हातातले संपत नव्हते. एक झाले की दुसरे येत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाकावर जागा होती, पण बसले नाही.

बारा वाजून पंचावन्न मिनिटांनी अंदाजे तिशीतला एक इसम आत आला. त्याच्या सासूबाई दाराशी स्ट्रेचरवर होत्या व त्यांना धाप लागली होती. त्याने दोन वेळा सिस्टरांना हाक मारली. त्या "आलेच" म्हणाल्या. त्याने हातातल्या फोनकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "सिनेमात हसत होतीस ना? आता हस." आणि त्याने जवळचे लोखंडी स्टूल उचलून त्यांच्या डोक्यात डाव्या बाजूला मारले. त्या बेसिनच्या कडेवर आपटून खाली पडल्या. माझ्यात व त्यांच्यात सात-आठ पावलांचे अंतर होते. त्याने स्टूल उचलले तेव्हाच मला दिसले होते. मी ओरडले नाही.

मारल्यावर तो इसम पळाला नाही. तो फरशीवर बसला व "सकाळपासून बसलोय, सकाळपासून बसलोय" असे म्हणत राहिला. रखवालदाराने त्याला धरले तेव्हा आता सासूबाईंना कोण बघणार असे त्याने विचारले. मी त्याला समोर आल्यास ओळखेन.

सिस्टरांच्या डोक्याचा स्कॅन करायचे ठरले. मशीन चालवणारा एकच माणूस असून त्याच्याकडे आधीचे दोन रुग्ण होते. सिस्टर स्वतःच्याच विभागात दोन तास पन्नास मिनिटे स्ट्रेचरवर थांबल्या. मी शेजारी होते. त्यांच्या कानातून रक्त येत होते व मी त्यावर कापडाची घडी धरली होती. त्या पडल्या पडल्या धाकट्या सिस्टरला सांगत होत्या की तिसऱ्या खाटेचे सलाईन संपत आलेय, बघ. एकदा मान न वळवता म्हणाल्या, "आधी त्या आजींना ऑक्सिजन लाव. दारातल्या." त्या आजी म्हणजे त्या इसमाच्या सासूबाई. त्यांना ऑक्सिजन लावला गेला.

या वेळात मी सिस्टरांना जे सांगायला आले होते ते सांगितले. मी डाव्या बाजूला उभी होते. त्यांना काही ऐकू आले नव्हते. त्यांनी मला खुणेने उजवीकडे यायला सांगितले. मग ते सगळे मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय होणार, बाई? जिथं सांगायला पाहिजे तिथं सांगा."

सायंकाळी सहाला मी दादाला फोन करून मूळ चित्रीकरण पोलिसांना देणार असे कळवले. तो म्हणाला की पुढच्या महिन्यात नर्सांच्या जागा वाढवण्याबाबत समिती बसते आहे व ती हा माहितीपट पाहणार आहे. एका शॉटपायी सगळ्यावर पाणी पडेल, आणि त्यात त्या सिस्टरांचेच नुकसान आहे. तो रडत होता. मी म्हणाले, बेचाळीस रुग्णांचे वाक्य आपल्याकडे आहे, ते घालू, हसणे काढू. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी खोटं बोललो हे तूच जगाला सांगणार." मी हो म्हणाले. त्याने फोन ठेवला. त्यानंतर आतापर्यंत त्याचे अकरा फोन आले. मी घेतलेले नाहीत. हा जबाब चालू असताना आलेला फोनही त्याचाच होता.

मुलाखतीच्या व त्या गृहस्थांच्या मूळ चित्रीकरणाची डिस्क मी हजर केली आहे. त्यावर तारीख व वेळ उमटलेली आहे. सिस्टर अद्याप देखरेखीखाली आहेत. हवालदारांनी पावणेबाराला वॉर्डात फोन केला. सिस्टर जाग्या आहेत, स्वतःचे नाव सांगतात, चहा घेतला, असे कळले. डाव्या कानाचे डॉक्टर आताच काही सांगत नाहीत. त्या इसमाच्या सासूबाईंना खाट मिळाली आहे.

हसणे त्या ठिकाणी लावायला तुम्हाला भावाने सांगितले काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. ती सूचना माझी होती. दादाने ते पाहिले, मग "राहू दे" म्हणाला. माझी वहिनी वारली त्या दिवशी या सिस्टर रजेवर होत्या, हेही मला ठाऊक होते. त्यांनीच मुलाखतीत सांगितले होते. तेही मीच कापले.

येथवरचा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी माझ्या बाजूने "कामाच्या घाईत" असे दोन शब्द लिहिले होते, ते मी खोडायला लावले व खोडलेल्या जागी सही केली. घाई नव्हती. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.