आठ दिवस तुमचे, आठ दिवस माझे

कारंज्याच्या एसटी स्टँडवर मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण पान काही उलटत नव्हतं. पाठीमागच्या बाकावर एक बाई पदराखाली लेकराला पाजत होती. लेकरू आणून देणारा तिचा नवरा पुढ्यात उभा होता. दोघं आता वेगळे राहत होते.

"दोन दिवसांतच आनलं? पंचाइनं तं आठ दिवस तुमचे, आठ दिवस माहे ठरोले होते."

"रडून राह्यलं ना व. शेळीचं दूध पाजलं, मायनं साखरेचं पानी देल्लं. तोंडच लावत नाही."

"तुमची माय तं म्हने, सात लेकरं वाढोली, हे काय जड हाय?"

"तिनंच धाडलं मले."

"पाचही पंच मिशीवाले. सावडीतला बैल आठ दिवस याच्या वावरात, आठ दिवस त्याच्या. तसं लेकरू वाटलं. बैलाले कडबा कोनीबी टाकते."

"बोलू नको. पिऊन झालं का? दे इकडे. माहे सहा दिवस बाकी हायत, अन् धनजची गाडी लागली."

"घ्या ना. हात करा पुढं."

"झोपलं व ते."

"घंटाभरानं उठन. तवा तुमी कुठी असान?"

"धनजले."

"अन् मी?"

कंडक्टरनं घंटी मारली. नवऱ्यानं झबल्यांचं गाठोडं बाकावर ठेवलं.

"पंचाइले काय सांगू?"

"सांगा, चार महिन्याच्या लेकरानं निकाल फिरोला."