गच्चीवरच्या बारा कुंड्या

मेक्सिकोतल्या मोरेलियात मृतांच्या सणाच्या आदल्या दिवशी तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, रांगेत ओबदूलियाच्या पुढे दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

"आज तरी एखादं मोनार्क फुलपाखरू दिसलं का गं, रेफूहिओ?"

"कुठलं काय! उद्या माझा गेलेला लेक फुलपाखरू होऊन घरी यायचा, आणि गच्ची अजून सुनीसुनी."

"त्यांना आवडतात ती चिकाची झाडं लावलीस ना?"

"चांगल्या बारा कुंड्या! पोरासारखी जपते. पट्ट्यापट्ट्यांच्या मेल्या अळ्या पानं कुरतडत होत्या, रोज सकाळी वेचून चिरडते."

"सगळ्या?"

"एक म्हणून सोडली नाही. का गं?"

"काही नाही. सरक पुढे, तुझा नंबर आला."

मागे उभी ओबदूलिया उगाचच आपल्या टोपलीवरचं फडकं नीट करत राहिली.

"सांग ना गं," रेफूहिओ मैत्रिणीला म्हणाली, "त्याला घर सापडेल ना?"