साहेबाच्या न्हाणीघरात शिरलेली सून

सन्माननीय अध्यक्ष दत्तप्रसादजी, प्रमुख पाहुण्या डॉक्टर हुदा, मंडळाचे पदाधिकारी आणि जमलेल्या माझ्या लेकीसुनांनो, जावईबापूंनो,

सत्कारमूर्तीची सासू म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. सुनेबद्दल सासूनं दोनच शब्दांत आटपायचं? कमालच करता, अध्यक्ष!

आमची सावनी इतिहासाची डॉक्टर. तिचं पुस्तक आलंय, त्याचाच हा सत्कार. विषय काय, तर महायुद्धानंतर विलायतेत घरोघरी कपडे धुण्याची मशीनं आली, ती निवडली कोणी आणि राबलं कोण. अहो, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांच्या न्हाणीघरात आमची सून शिरली! मी तोंडात बोटच घातलं.

यंदा संक्रांतीला इथे बहारीनला, जुफैर भागातल्या आमच्या घरी हळदीकुंकू होतं. वाण देता देता ही प्रत्येकीला विचारतेय, "तुमच्याकडचं वॉशिंग मशीन कोणी निवडलं?" मला असा राग आला मेलीचा! सवाष्णींची उलटतपासणी करतात का कोणी? पण आमच्या शेजारची भक्ती म्हणाली, "ह्यांनी. मला नुसती बटणं दाखवली." झालं, बायका बोलतच सुटल्या. कोणी उठायला तयार नाही. मग सावनीनं पुस्तकातल्या एका इंग्रज बाईचं बोलणं वाचून दाखवलं. "मशीन माझ्यासाठी होतं, पण हप्त्याच्या कागदावर दुकानदाराला सही नवऱ्याची लागायची." सत्तर वर्षांपूर्वीची परकी बाई आमच्यात येऊन बसली होती हो! माझ्या अंगावर काटा आला. एवढी विद्या आपल्या घरात नांदतेय, या विचारानं मला रात्रभर झोप नाही.

आता खरं ते सांगते. विलायतेतल्या एका विद्यापीठानं हिला दोन वर्षांसाठी बोलावलंय. उद्या उत्तर द्यायचंय, आणि ही नाही म्हणणार आहे. का, तर माझ्या नातवाची, सुयशची दहावी. "आई, घर कोण बघणार?" म्हणते. माझा जयेश नोकरीसाठी बहारीनला आला, तेव्हा त्याला विचारलं होतं का कोणी हे?

जयेश, मान खाली घालू नकोस, बाळा. माझं सावंतवाडीला परतायचं तिकीट मी आज सकाळीच रद्द करायला लावलंय. दोन वर्षं मी इथेच. व्हिसाचं तू बघ. नातवाशीही बोललेय. "आजी, शी मस्ट गो," म्हणाला.

मंडळाचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. भर सभेत घरचं बोलले, कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. ठरवलंय ते मात्र मागे घेणार नाही.

सावनी, अगं रडतेस काय? फोन काढ आणि त्यांना हो म्हणून कळव.